आग्वादचा किल्ला आणि त्यातील बंदिशाळा

पणजीच्या किनाऱ्यावर उभे राहून मांडवीच्या मुखाकडे पाहिले असता उजव्या हाताला समुद्रात दूरवर शिरलेले एक डोंगरी भूशिर दिसते. बार्देश तालुक्यातील कांदोळी व सिकेरी या गावांच्या टोकाशी असलेल्या या भूशिरावर आग्वादचा किल्ला आहे. गोमंतकातील शाळांच्या सहली तेथे वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. मुले वरच्या तटावर चढतात, दीपस्तंभापाशी छायाचित्र काढून घेतात आणि परत फिरतात. परंतु किल्ल्याचा जो भाग खाली, पाण्यालगत आहे आणि ज्याच्या दरवाजामागे २०१५ सालापर्यंत मध्यवर्ती तुरुंग होता, त्याची हकीगत सहसा त्यांच्या कानी पडत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे त्या खालच्या भागाविषयी लिहावयाचे आहे. मात्र तो समजण्यासाठी आधी वरचा किल्ला पाहावा लागेल, कारण तुरुंग म्हणून वेगळी अशी इमारत येथे मुळात योजलेली नव्हती. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेले दुर्गाचे बांधकामच पुढे माणसांना आत ठेवण्यासाठी वापरले गेले. या दुर्गाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांस हीच वाटते.

'आग्वाद' हे नाव पाण्यावरून आले आहे. पोर्तुगीज भाषेत पाण्याला 'आग्वा' म्हणतात, आणि जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याच्या ठिकाणाला 'आग्वादा'. लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास निघालेली गलबते आफ्रिकेला वळसा घालून साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या बंदरात येत. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात पिंपांतील पाणी नासलेले असे आणि खलाशी रोगाने जर्जर झालेले असत. अशा वेळी नदीच्या मुखाशीच गोड्या पाण्याचे झरे असलेला हा डोंगर त्यांना केवढा मोलाचा वाटत असेल, हे समुद्रावर पोट भरणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना सांगावयास नको. मालवणच्या सिंधुदुर्गात खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जलदुर्गाचे अर्धे बळ पाण्यात असते, ही गोष्ट शिवाजी महाराजांनी जाणली होती आणि पोर्तुगीजांनीही जाणली होती.

किल्ल्याचे बांधकाम १६०९ साली सुरू होऊन १६१२ साली पूर्ण झाले. त्या वेळी गोव्यात रुय लोरेंस द ताव्होरा हा व्हाइसरॉय होता. पोर्तुगालचे सिंहासन तेव्हा स्पेनच्या राजाकडे होते आणि स्पेनचे हाडवैरी डच १६०२ साली आपली ईस्ट इंडिया कंपनी स्थापून पूर्वेच्या समुद्रात उतरले होते. त्यांची जहाजे मांडवीचे तोंड अडवून बसली, तर नदीच्या आत वसलेले गोवे शहर उपाशी पडणार, ही भीती काल्पनिक नव्हती. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात डचांनी खरोखरच वर्षामागून वर्षे अशी नाकेबंदी केली. नदीमुखाच्या रक्षणासाठी आत, त्याच काठावर, रेइश मागुशचा किल्ला १५५१ सालापासून उभा होताच. समोरच्या काठावर काबोचे टोक व गाश्पार दियश येथे तोफा होत्या. आग्वाद हे या साखळीचे सर्वांत बाहेरचे आणि सर्वांत थोर कडे होते.

आता रचना पाहू. ज्यांनी सह्याद्रीतील किल्ले पाहिले आहेत त्यांना आग्वादचा तट प्रथमदर्शनी ठेंगणा वाटेल. रायगड किंवा प्रतापगड यांचे सामर्थ्य उंचीत आणि कड्यात आहे. तेथे निसर्गाने निम्मा तट बांधून ठेवला आहे. युरोपात मात्र तोफा आल्यानंतर उंच भिंत ही दुर्बळ भिंत ठरू लागली, कारण उंच भिंतीवर नेम धरणे सोपे जाते. म्हणून तट बसका, रुंद व आतून मातीने भरलेला असावा, त्यापुढे खंदक असावा आणि कोपऱ्यांवरील बुरूज असे पुढे काढावेत की एका बुरुजावरील तोफेला शेजारच्या तटाचा पायथा दिसावा, अशी पद्धत रूढ झाली. आग्वादचा वरचा किल्ला या पद्धतीचा आहे. त्याचा आराखडा चौकोनी असून तीन कोपऱ्यांवर बुरूज आहेत. जमिनीच्या बाजूंनी खोल कोरडा खंदक खोदलेला आहे. बांधकाम जांभ्या दगडाचे, चुन्यात केलेले. तोफा ७९ होत्या असे सांगितले जाते.

वरच्या किल्ल्याच्या आवारात शिरल्यावर समोर जो विस्तीर्ण, रिकामा, चिरेबंदी चौक लागतो, तो पाहून पुष्कळांची निराशा होते. 'येथे तर काहीच नाही' असे उद्गार आम्ही ऐकले आहेत. वस्तुतः जे आहे ते पायांखाली आहे. चौकाखाली पाण्याचे प्रचंड टाके असून त्याचे छत १६ भक्कम खांबांवर तोललेले आहे. त्याची क्षमता २३ लाख ७६ हजार गॅलन इतकी दिली जाते. पावसाचे एवढे पाणी साठवून ते उन्हाळाभर टिकवावयाचे, म्हणजे सच्छिद्र जांभ्या दगडाला आतून चुन्याचा लेप देऊन तो अभंग राखावयाचा, हे काम तोफा बसविण्यापेक्षा कमी कौशल्याचे नव्हे. शिक्षकांनी मुलांना या टाक्याचे घनफळ गणिताच्या तासाला काढावयास लावावे, अशी आमची सूचना आहे.

वरच्या चौकातील जुना दीपस्तंभ १८६४ सालचा आहे. तो १९७६ साली बंद झाला आणि जवळच नवा दीपस्तंभ उभा राहिला. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची थोर घंटा काही काळ येथील दीपस्तंभापाशी होती. १८७१ साली ती पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली आणि आजही तेथेच आहे. पणजीकरांना तिचा नाद परिचित आहे, पण ती आग्वादला होती हे थोड्यांनाच माहीत असते.

वरचा किल्ला हा पहारा, साठवण आणि शेवटचा आश्रय यांसाठी होता. खालचा भाग नदीमुखाच्या पातळीवर होता. तेथे जहाजे नांगर टाकीत, पाणी भरीत आणि शिबंदीचा राबता असे. सिकेरीच्या किनाऱ्याशी समुद्रात घुसलेला जो बुरूज आज पर्यटकांना दिसतो, तो या खालच्या तटबंदीचाच अवयव होय. वरच्या आणि खालच्या अंगांना जोडणाऱ्या तटाने अवघे भूशिर कवेत घेतले होते.

या किल्ल्याने लढाया फार पाहिल्या नाहीत, आणि ते त्याच्या यशाचेच लक्षण मानावे लागेल. १७३९ साली मराठ्यांच्या मोहिमेच्या वेळी सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश घेतला, तेव्हा आग्वाद व रेइश मागुश हे दोन किल्ले मात्र पोर्तुगीजांच्या हाती राहिले. नेपोलियनच्या काळात फ्रेंच येतील या शंकेने १७९९ ते १८१३ या अवधीत इंग्रज फौजा गोव्याच्या किल्ल्यांत येऊन राहिल्या होत्या. त्यांतही आग्वाद होता. त्यानंतर मात्र मांडवीच्या मुखाशी कोणी शत्रू यावयाचा राहिला नाही. तोफा गंजू लागल्या, शिबंदी घटली आणि राज्यकर्त्यांपुढे प्रश्न पडला की एवढ्या मोठ्या चिरेबंदी वास्तूचे करावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर पोर्तुगीजांना नवे शोधावे लागले नाही. नदीच्या वा समुद्राच्या तोंडावरील जुना किल्ला तुरुंग म्हणून वापरण्याची त्यांची रीत मायदेशात पूर्वापार होती. लिस्बनच्या ताग नदीच्या मुखावर सां जुलियांव द बार्रा नावाचा किल्ला आहे. नदीमुखाशी त्याचे जे नाते, तेच आग्वादचे मांडवीशी. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध जो कट उघडकीस आला, तो पिंटोंचा कट म्हणून प्रसिद्ध आहे. पिंटो घराणे कांदोळीचे, म्हणजे आग्वादच्या पायथ्याच्या गावचे. या कटाबद्दल पंधरा जणांना देहान्त शासन झाले, आणि पकडलेल्या धर्मगुरूंपैकी अनेकांना लिस्बनला नेऊन सां जुलियांवच्या किल्ल्यात डांबण्यात आले. एका नदीमुखावरील किल्ल्याच्या सावलीत वाढलेली माणसे दुसऱ्या नदीमुखावरील किल्ल्यात बंदी म्हणून गेली. दीडशे वर्षांनंतर हीच वाट पुन्हा वाहती होणार होती.

पोर्तुगालने राजकीय गुन्ह्यांसाठी १८५२ साली आणि इतर नागरी गुन्ह्यांसाठी १८६७ साली देहान्त शिक्षा रद्द केली, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. ही गोष्ट त्या देशाला भूषणावहच आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला की विरोधकाला नाहीसा करण्यासाठी दीर्घ कारावास आणि दूरदेशी हद्दपारी ही साधने राज्ययंत्रणेच्या हाती उरली. अशा शिक्षेसाठी जाड भिंती, एकच दरवाजा आणि लोकवस्तीपासून अंतर लागते. किल्ल्यात ही तिन्ही तयारच मिळतात.

इंग्रजी मुलखातील तुरुंगांशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. पुण्याजवळचे येरवडा कारागृह १८७१ साली तुरुंग म्हणूनच बांधले गेले. अंदमानातील सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभारले गेले. त्याच्या मध्यावर मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात इमारती होत्या. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे असल्यामुळे एका कोठडीतील बंद्याला दुसऱ्याचे तोंड दिसू नये अशी योजना होती. तेथे शिल्पकाराने बंदी डोळ्यांसमोर ठेवून रेघ ओढली आहे. आग्वादला अशी रेघ कोणी ओढली नाही. येथील बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डच आरमार होते. म्हणून आग्वादच्या तुरुंगात सेल्युलर जेलची ती भयंकर शिस्तबद्धता नाही. डोंगराचा उतार, तट आणि पाणी यांच्या कात्रीत सापडलेली अशी ही जागा आहे. बंद्याला अडविण्याचे काम भिंतीइतकेच समुद्र करतो. पाठीमागे चढ, पुढे लाटा, आणि ये-जा करावयाची ती पहाऱ्यातूनच.

जांभ्या दगडाविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. पात्याने तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात कठीण होत जातो. कोकणात व गोमंतकात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तो सच्छिद्र असतो हेही ठाऊक आहे. चुन्याचा गिलावा शाबूत असेतोवर ठीक, पण एकदा तो निखळला की दगड पाणी पितो. गोव्याच्या किनाऱ्यावर दरसाल सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात समुद्राचे तुषार आणि त्यांतील मीठ. भिंतीत शिरलेले खारे पाणी वाळते तेव्हा मिठाचे खडे फुगून दगडाचा पृष्ठभाग भुगा होऊन गळू लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अशा भिंतीला घाम फुटावा तशी ओल येते. शिपायांच्या वस्तीला, ज्यांना दिवसभर बाहेर हिंडता येते, हे सोसवते. बंद दाराआड चोवीस तास बसणाऱ्याला ते सोसवत नाही. आग्वादच्या काळोख्या, दमट कोठड्यांविषयी जे सांगितले जाते, त्याचे निम्मे कारण जेलरच्या क्रौर्यात आणि निम्मे या दगडात शोधावे लागेल.

डॉ. सालाझार यांच्या राजवटीत किल्ल्याचा हा खालचा भाग राजकीय बंद्यांचा तुरुंग म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या काळी गोव्यात परवानगीवाचून सभा घेता येत नसे, छापील मजकूर तपासणीखालून जाई, आणि लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटत नसत असे जुनी माणसे सांगतात. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या साथीने ही बंदी मोडली. तेथून आग्वादच्या कोठड्या भरू लागल्या.

त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा हे त्यांतील अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८९१ साली चांदर येथे झाला आणि शिक्षण पाँडिचेरी व पॅरिस येथे. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. जुलै १९४६ मध्ये त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या ओलसर कोठडीत ठेवण्यात आले. नागरिक असूनही त्यांच्यावर लष्करी न्यायालयापुढे खटला चालला व आठ वर्षांची शिक्षा झाली. ती भोगण्यासाठी त्यांना पोर्तुगालमधील पेनिश येथे धाडण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. रामा हेगडे व जुझे इनासियु लॉयोला यांनाही समुद्रापारच्या याच वाटेने जावे लागले.

हे पेनिश म्हणजे काय? अटलांटिक महासागरात घुसलेल्या एका भूशिरावरील जुना किल्ला. तोही सोळाव्या-सतराव्या शतकांत समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठी बांधलेला, आणि १९३४ सालापासून राजकीय बंद्यांचा तुरुंग बनलेला. सालाझार यांच्या विरोधात उभे राहिलेले खुद्द पोर्तुगीज देशभक्त तेथे कोंडलेले होते. १९७४ साली पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली, तेव्हा पेनिशचे दरवाजे उघडले. आता तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. गोमंतकीय बंदी आणि पोर्तुगीज बंदी एकाच छपराखाली राहिले, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवी. गोव्याचे भांडण पोर्तुगीज जनतेशी नव्हते, हे सांगण्यासाठी याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

स्वतः डॉ. लोहियाही आग्वादला राहून गेले. सप्टेंबर १९४६ च्या अखेरीस ते पुन्हा गोव्यात येत असता कुळे स्थानकावर त्यांना पकडण्यात आले. काही दिवस आग्वादच्या कोठडीत ठेवून मग त्यांना हद्दीबाहेर घालविण्यात आले.

दुसरी लाट १९५४-५५ ची. या लाटेशी महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, निकटचा संबंध आहे. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन सरहद्द ओलांडून आले. त्यांच्यामागून शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी आणि बंगालचे खासदार त्रिदिव चौधुरी आले. लष्करी न्यायालयाने यांना दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या आणि आग्वादला पाठविले. समाजवादी, जनसंघी आणि क्रांतिकारी समाजवादी असे निरनिराळ्या मतांचे पुढारी एका तटाच्या आत नांदले. बाहेर असते तर यांच्यापैकी कित्येकांनी एकमेकांविरुद्ध सभा गाजविल्या असत्या. १९५७ च्या आरंभी त्यांची सुटका झाली. नानासाहेब त्याच वर्षी पुण्याहून लोकसभेवर निवडून गेले. चौधुरी यांनी बंगालीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच सालाझारच्या तुरुंगातील एकोणीस महिन्यांचा हिशेब आहे.

पुढारी सुटले. त्यांना शिक्षा झाली की लोकसभेत प्रश्न निघत, वर्तमानपत्रांत अग्रलेख येत. परंतु आग्वादमधील बंद्यांत गावोगावचे शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर, मोटारहाके होते. त्यांच्यामागे घरी मिळवता हात नव्हता आणि त्यांच्यासाठी कोणी अग्रलेख लिहीत नव्हते. त्यांतील पुष्कळांच्या हकीगती घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींपलीकडे कोठे नोंदल्या गेल्या नाहीत, आणि ती म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्या घरात अशी आठवण वा कागद असेल, त्या घरातील शिकत्या मुलाने ती वहीत उतरून घ्यावी. गावच्या शिक्षकाने हे काम अंगावर घेतले तर एका पावसाळी सुटीत होण्याजोगे आहे.

शिक्षकांचाच विषय निघाला आहे म्हणून मोहन रानडे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मूळचे सांगलीचे. फोंडा तालुक्यातील सावई-वेरे येथे ते मराठी शाळेत शिकवीत होते. आग्वादपासून फार दूर नसलेल्या, मांडवीच्या त्याच काठावरील बेतीच्या पोलीस ठाण्यावर ऑक्टोबर १९५५ मध्ये झालेल्या हल्ल्यात गोळी लागून ते जखमी झाले व पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. गोव्यात काही वर्षे काढल्यावर त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळील काशियशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी रानडे मुक्त झाले नाहीत. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले, ती स्वतंत्र भारताचा भाग झाल्यानंतरही सात वर्षे ते परदेशच्या कोठडीत होते. त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार सुधीर फडके यांच्यासह अनेकांनी खटपट केली. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना बार्देशातून बेतीपर्यंत येऊन पोचली. नदीपलीकडे पणजी दिसत होती. अशा वेळी आग्वादमधील राजकीय बंद्यांच्या जिवाला धोका असल्याची वार्ता सेनेला मिळाली आणि त्यांना सोडविण्यासाठी एक तुकडी किल्ल्याकडे वळविण्यात आली. शरणागतीचा हुकूम किल्ल्यातील शिबंदीपर्यंत पोचला नव्हता. आतून गोळीबार झाला. त्यात ७ लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल हे धारातीर्थी पडले. साडेतीनशे वर्षांपूर्वी डचांसाठी बांधलेल्या तटाने आपले मूळ काम शेवटचे केले ते असे, आणि तेही कैद्यांना सोडवू पाहणाऱ्यांविरुद्ध. गोवामुक्तीच्या कारवाईत रक्त फारसे सांडले नाही असे आपण सहज बोलून जातो. आग्वादच्या वाटेवर ते बोलताना थोडे थांबावे.

मुक्तीनंतर तुरुंग बंद झाला नाही. ज्या कोठड्यांतून सत्याग्रही बाहेर पडले, त्यांत चोऱ्या-माऱ्या व इतर गुन्ह्यांतील कैदी येऊ लागले आणि आग्वादचा मध्यवर्ती तुरुंग पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिला. शेजारी, १९७४ सालापासून, किल्ल्याच्या कुशीत मोठे हॉटेल उभे राहिले. एका बाजूला समुद्रस्नानासाठी आलेले प्रवासी आणि दुसऱ्या बाजूला त्याच समुद्राकडे गजाआडून पाहणारे कैदी, असे दृश्य कित्येक वर्षे येथे नांदत होते. रेइश मागुशच्या किल्ल्यातही तुरुंग होता. तो १९९३ साली बंद झाला, आणि जीर्णोद्धारानंतर २०१२ मध्ये तो किल्ला लोकांसाठी खुला झाला. आग्वादचे कैदी २०१५ साली कोलवाळ येथील नव्या कारागृहात हलविण्यात आले. नंतर खालच्या वास्तूची दुरुस्ती होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीच्या षष्ट्यब्दीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील संग्रहालयाचे उद्घाटन झाले. कुन्हा व लोहिया यांच्या स्मृतीसाठी दोन कोठड्या राखण्यात आल्या आहेत.

जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे अशा वास्तूत एक अवघड निवड असते. जांभ्या दगडावर ताजा चुना दिला नाही तर भिंत गळते, आणि दिला तर पूर्वीच्या हातांच्या खुणा त्याखाली जातात. भिंत वाचवावयाची तर गिलावा करावाच लागतो, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सिमेंटचा गिलावा मात्र जांभ्याला मानवत नाही. तो आतली ओल कोंडून ठेवतो आणि दगड आतून कुजवितो. गावोगावची देवळे, चर्चे व जुनी घरे दुरुस्त करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावयाजोगे आहे. पण उजळलेल्या, वारा खेळणाऱ्या, दिवे लावलेल्या कोठडीत उभे राहून १९४६ ची कोठडी कळत नाही, हेही खरे. संग्रहालयात वरचा इतिहास आणि सत्याग्रहींचा इतिहास मांडला आहे, पण १९६१ नंतरच्या चोपन्न वर्षांतील साध्या कैद्यांचा काळही या भिंतींनी पाहिला आहे. तुरुंग म्हणून या वास्तूची हकीगत सांगावयाची तर तोही गाळता येणार नाही.

सहल नेणाऱ्या शिक्षकांना म्हणून असे सुचवावेसे वाटते की आधी खालच्या भागात जावे आणि मग वर चढावे. शक्य असल्यास जून-जुलैमध्ये न्यावे. त्या दिवसांत मांडवीच्या तोंडावरील वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात, नदीमुख जहाजांना पूर्वी बंदच होत असे, आणि भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो. कोठडीच्या दाराशी मुलांना एकेक करून आत उभे करावे आणि दार लोटून घेऊन शंभर आकडे मोजावयास सांगावे. मग वरच्या चौकात नेऊन टाक्याच्या कडेला बसवावे आणि पेनिश कोठे आहे ते नकाशात दाखवावे.